आरोपी बत्तीस दातांच्या आड

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की महाराष्ट्रात दोन बातम्या न चुकता येतात. एक निफाडचा पारा घसरल्याची आणि दुसरी महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याची. तिसरी बातमी छापायची गरजच पडत नाही, कारण ती ज्याच्या त्याच्या तोंडावर लिहिलेली असते. ओठ फुटलेले असतात. कुणाचे नुसतेच कोरडे, कुणाचे पापुद्रे सुटलेले, तर कुणाच्या खालच्या ओठाला मधोमध एकच उभी चीर, पट्टी धरून आखल्यासारखी. यावर ‘थंडीनं ओठ उलले’ असा निकाल घरोघरी दिला जातो आणि तो इतका एकमुखी असतो की साक्षीपुराव्याची कुणाला आठवणही होत नाही. एरवी सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवर तीन-तीन सभा घेणारी माणसं इथे आरोपीला बाजू मांडायची संधीसुद्धा देत नाहीत. थंडी अगदी निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. ती या प्रकरणात सामील आहे, पण साथीदार म्हणून. मुख्य आरोपी घरातलाच आहे. तो बत्तीस दातांच्या आड बसतो, कुणाचं लक्ष नाही असं पाहून बाहेर येतो, एक फेरी मारतो आणि पुन्हा आत जाऊन गप्प बसतो. जिभेला हाड नसतं असं आपण तिच्या बोलण्यावरून म्हणतो. तिच्या वागण्यावरूनही म्हणायला हरकत नाही.

आधी फिर्यादीची परिस्थिती पाहू. ओठ हे सरहद्दीवरचं गाव आहे. बाहेरची कातडी म्हणते, ते तोंडाच्या हद्दीत येतं. तोंडातलं अस्तर म्हणतं, ते कातडीच्या. त्यामुळे दोन्हीकडच्या सोयींपैकी एकही तिथवर धड पोचलेली नाही. कातडीला घामाच्या ग्रंथी असतात, केसांची मुळं असतात, मुळांशेजारी तेल पुरवणाऱ्या ग्रंथी असतात आणि या सगळ्यांच्या कृपेनं तिच्यावर एक पातळ तेलकट तवंग टिकून राहतो. ओठांच्या लाल भागाला घाम नाही, केस नाहीत आणि तेलाच्या ग्रंथी बहुतेकांच्या बाबतीत नसल्यात जमा. तोंडातल्या अस्तराला निदान लाळेचा चोवीस तास पाणीपुरवठा आहे; ओठांना तोही नाही. त्यात भिंत पातळ. चेहऱ्याच्या इतर कातडीवर मृत पेशींचे अगदी १५-१६ थर रचलेले असतात, तिथे ओठांवर ३ ते ५ थरांत काम उरकलेलं असतं. संस्कृत कवींनी ओठांना पिकल्या तोंडल्याची उपमा दिली. ते ज्या लालीवर भाळले ती लाली म्हणजे त्या तुटपुंज्या थरांतून दिसणारं रक्त. कवीला ते सौंदर्य वाटतं. गवंड्याला विचारलं तर तो सांगेल, गिलावा कमी पडलाय, आतल्या विटा दिसतायत. अशा भिंतीतून ओल निसटणारच. गालाच्या कातडीपेक्षा ओठांतून कितीतरी अधिक पाणी उडून जातं, आणि तेही मालक काहीही न करता नुसता बसलेला असताना.

आता साथीदाराकडे वळू. थंड हवेला फारसं पाणी धरून ठेवता येत नाही. १० अंश सेल्सिअसच्या हवेत घनमीटरमागे फार तर ९.४ ग्रॅम वाफ मावते. ३० अंशांच्या हवेत सुमारे ३० ग्रॅम. म्हणजे डिसेंबरातली पहाट भले धुक्यानं ओथंबलेली असो, ती हवा उबदार ओठाला टेकून तापली की तिच्यात तिप्पट जागा मोकळी होते, आणि ती भरायला हवा सगळ्यात जवळचं पाणी उचलते. सगळ्यात जवळ ओठच असतात. इथवर दोष थंडीचा. पण एवढ्यानं ओठ सुकतात, ताणल्यासारखे वाटतात, थोडे चरचरतात, आणि बहुतेकदा तेवढ्यावर निभावलंही असतं. पण ओठ सुकल्याची पहिली खबर जिभेला लागते आणि ती मदतीला धावते. ती ओलावा देते. दोन क्षण बरं वाटतं. मग तो ओलावा उडतो, जो काही तेलकट अंश शिल्लक होता तोही धुवून नेतो, आणि ओठ पहिल्यापेक्षा कोरडे होतात. जीभ पुन्हा धावते. विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला यापुढचं सांगायला नको. काळी माती नुसती कोरडी आहे म्हणून भेगाळत नाही. ती भिजून फुगते आणि मग वाळून आक्रसते, म्हणून तिला पाय अडकतील अशा भेगा पडतात. मुरमाड जमीन कोरडी असूनही अखंड राहते. आपण ओठांवर दिवसभर पावसाळा आणि उन्हाळा आळीपाळीनं आणतो आणि शेवटी बिल हिवाळ्याच्या नावानं फाडतो.

शिवाय लाळ म्हणजे काही पाणी नव्हे. दिसायला ती पाण्यासारखी असली तरी नेमणूक पचनखात्यातली. भाकरीचा तुकडा तोंडात बराच वेळ चघळला की गोडसर लागू लागतो, ती लाळेतल्या अमायलेजची करामत. पिष्ट फोडून साखर करायचं काम ते तोंडातच सुरू करतं. अशा द्रवाचा हात दिवसातून पन्नास वेळा तीन थरांच्या कातडीवरून फिरवायचा आणि वर ती चुरचुरते म्हणून तक्रार करायची, हे जरा अतीच होतं. दातांचाही या कटात हात आहे. पापुद्रा सुटला की तो दातांत धरून ओढायची ऊर्मी भल्याभल्यांना आवरत नाही. सभेत, लोकलमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये माणसं गंभीर चेहऱ्यानं स्वतःचीच साल काढत बसलेली दिसतात. पापुद्र्याचं एक टोक मेलेलं असतं आणि दुसरं जिवंत. ओढणाऱ्याला हे दुसऱ्या टोकाला पोचल्यावर कळतं. भाषेला मात्र हे सगळं फार पूर्वीपासून ठाऊक असावं. हाव सुटली की मराठी माणूस जिभल्या चाटतो आणि संताप आला की दात-ओठ खातो. हाव असो की राग, मार ओठांनाच. दोन्ही वाक्प्रचार शाळेत पाठ करून घेतले जातात, वाक्यात उपयोगही करायला लावतात, पण त्यांतला वैद्यकीय कबुलीजबाब कुणी वाचत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. जीभ तर बारा महिने तोंडात असते, मग ओठ हिवाळ्यातच का फुटावेत? उत्तर असं की जुलैत मुंबईत वाळत घातलेला बनियन चार दिवस ओला राहतो. जिथे बनियन वाळत नाही तिथे ओठ काय वाळणार? ज्या हवेला पाणी नकोच आहे, त्या हवेत जीभ कितीही फिरली तरी तिचा अपराध पचतो. आणि हिवाळ्यातच फुटतात हेही खरं नाही. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या आसपास हेलकावे खातो, तेव्हाही ओठ सुकून चिरतात. त्या दिवशी थंडी घटनास्थळी नव्हती, हे तर कुठलंही कोर्ट मान्य करेल. पण माझा सगळ्यात बळकट पुरावा नाक आहे. थंडीत सगळ्यात आधी गार पडतो तो नाकाचा शेंडा. वाऱ्याला सगळ्यात पुढे तोंड देतो तोही तोच. गुन्हा थंडीचा असता तर डिसेंबरभर राज्यात नाकांचे शेंडे उभे उलले असते. ते उलत नाहीत. एक तर तिथली कातडी जाड आणि तेलकट आहे, आणि दुसरं म्हणजे, काही असामान्य कर्तबगार व्यक्ती सोडल्या तर, तिथवर कुणाची जीभ पोचत नाही. याच्या उलट लहान मुलांकडे पाहा. काही मुलांच्या ओठांभोवती हिवाळ्यात एक लालसर, खरखरीत वर्तुळ उमटतं. त्वचेचे डॉक्टर त्याचं कारण एका नजरेत ओळखतात, कारण त्या वर्तुळाचा परीघ आणि त्या मुलाच्या जिभेचा पल्ला नेमका जुळतो. चोरानं जाताना स्वतःच्या पावलांची रांगोळी काढून ठेवावी, तसा हा प्रकार आहे.

दुसरा आक्षेप भूतदयेतून येतो. गाय वासराला चाटते, कुत्रं जखम चाटतं. मग चाटणं वाईट कसं? गाईचं वासरू केसाळ असतं आणि ती त्याला चाटते ती वाळवण्यासाठी, ओलं ठेवण्यासाठी नाही. आणि कुत्र्याला जखम चाटू नये म्हणून जनावरांचे डॉक्टर त्याच्या गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं अडकवतात, हे कुत्रं पाळणाऱ्यांना सांगायला नको. माणसासाठी असं नरसाळं अजून निघालेलं नाही. निघालं तर शहरांत त्याच्या निरनिराळ्या रंगांच्या फॅशन होतील, पण तो वेगळा विषय.

फुटलेल्या ओठांचं खरं नुकसान भाषिक आहे. त्याची नोंद व्याकरणकारांनी घ्यायला हवी होती. प, फ, ब, भ, म हे ओष्ठ्य वर्ण. दोन्ही ओठ मिटून पुन्हा उघडल्याशिवाय ते निघत नाहीत. मधोमध चीर पडलेल्या माणसाला प्रत्येक पवर्गीय अक्षराला एक कळ मोजावी लागते. त्याला ‘आई गं’ म्हणता येतं, ‘बापरे’ म्हणता येत नाही. काका, काकू, आजी, ताई यांना तो सहज हाका मारतो. मामा-मामी, भाऊ, बाबा ही मंडळी थंडीपुरती दुरावतात. मकरसंक्रांत येते ती नेमकी जानेवारीच्या मध्यावर, ओठांची दुर्दशा शिगेला पोचलेली असताना. ‘तिळगूळ घ्या, गोड’ इथपर्यंत सगळं सुरळीत जातं. पुढच्या ‘बो’ला पहिली कळ येते. जे गोड बोलत नाहीत त्यांच्याविषयी आपण फार कठोर मत करून घेतो. त्यांतले काही केवळ ओष्ठ्य वर्णांचे बळी असू शकतात. हसण्याचीही तीच गत. हिवाळ्यात विनोद ऐकून माणूस हसायच्या आधी खालचा ओठ हातानं धरतो, हा विनोदी लेखकांवरचा मोठाच अन्याय आहे. खाण्याचं तर बोलायलाच नको. हुरडा, त्याच्यासोबत लसणाची चटणी, रस्सा, ठेचा, संत्री. जे जे म्हणून ओठांना झोंबतं ते सगळं नेमकं याच ऋतूत पिकतं किंवा शिजतं.

झोंबण्यावरून उपचारांकडे येतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे. झोंबल्याशिवाय औषध लागू पडत नाही अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची श्रद्धा आहे. जखमेवर आयोडिन घातल्यावर पोर किंचाळलं नाही तर आईला बाटली जुनी झाल्याचा संशय येतो. डोकं दुखलं तर कपाळाला लावलेल्या बामनं डोळ्यांतून पाणी काढलं पाहिजे. हीच कसोटी आपण ओठांनाही लावतो आणि मग कापूर, निलगिरी, पुदिन्याचं फूल म्हणजे मेंथॉल असलेलं काहीतरी शोधून काढतो. ते लावताच गार वाटतं, चुरचुरतं, ‘काम करतंय’ असं वाटतं. काम ते खरोखर करत असतं, पण थापा मारण्याचं. मेंथॉलमुळे ओठ गार होत नाहीत. थंडी ओळखणारी मज्जातंतूंवरची जी दारं असतात, ती मेंथॉलनं वाजवली जातात आणि मेंदू समजतो की थंडी आली. ही दारं शोधताना शास्त्रज्ञांनी मेंथॉलचाच उपयोग केला होता, आणि उष्णतेची दारं शोधताना मिरचीतल्या तिखट द्रव्याचा. तापमान आणि स्पर्श यांच्या जाणिवेवरच्या या संशोधनासाठी डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पाटापुटियन यांना २०२१चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. पुदिना आणि मिरचीच्या जोरावर नोबेल मिळतं हे आपल्याला ठाऊक असतं तर ते कोल्हापुरातून कधीच गेलं नसतं. मुद्दा असा की फुटक्या ओठांवर ही द्रव्यं फायदा करत नाहीत, चिडवतात. चिडलेल्या ओठांकडे जिभेचं लक्ष जातं आणि चक्र पुन्हा सुरू होतं. त्याहून वाईट म्हणजे स्ट्रॉबेरीच्या, चॉकलेटच्या स्वादाचे बाम. ज्या जिभेला घराबाहेर ठेवायचं, तिच्याच आवडीचं पक्वान्न उंबऱ्यावर वाढून ठेवायचं याला काय म्हणावं!

गुण येतो तो कंटाळवाण्या पदार्थांनी. जो झोंबत नाही, दरवळत नाही, चवीला काहीच लागत नाही आणि ओठांवर नुसता ढिम्म बसून राहतो, तो खरा वैद्य. व्हॅसलीन त्यांतलं अग्रगण्य. १८५९मध्ये रॉबर्ट चेसब्रो नावाचा तरुण रसायनतज्ज्ञ पेनसिल्व्हेनियातल्या टायटसव्हिलला नव्यानं सापडलेलं खनिज तेल पाहायला गेला. तिथे पंपांच्या दांड्यांवर एक मेणचट घाण साचायची. कामगार तिला शिव्या द्यायचे आणि कुठे कापलं-भाजलं की तीच चोपडायचे. चेसब्रोनं शिव्या वगळून उरलेलं घरी नेलं, वर्षानुवर्षं गाळून शुद्ध केलं आणि १८७२मध्ये पेटंट घेतलं. तो रोज चमचाभर व्हॅसलीन खायचा असं सांगतात. १९३३मध्ये वारला तेव्हा तो ९६ वर्षांचा होता, त्यामुळे त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. तर हे व्हॅसलीन ओठांना ओलावा देत नाही. त्याच्यात पाणीच नाही तर देणार कुठून? ते फक्त झाकण घालतं. आतलं पाणी आत राहतं, भिंतीची डागडुजी भिंत स्वतःच करते. म्हणून ते तोंड धुतल्यावर, ओठ किंचित ओलसर असतानाच लावावं. रिकाम्या पातेल्यावर झाकण ठेवून दूध तापत नाही. त्याचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. ‘ओठ चाटू नकोस’ असं सांगून जीभ थांबत नाही. उलट सांगितल्यावर ती हटकून बाहेर येते, हे वाचकांनी याच क्षणी ताडून पाहावं. पण बाहेर आलेल्या जिभेला दाराशीच बेचव, ओशट काहीतरी लागलं तर ती दोन-चार फेऱ्यांनी कंटाळते. उपदेशानं न सुधारलेली किती माणसं कंटाळ्यानं सुधारली आहेत!

हे झाकणाचं तत्त्व चेसब्रोचं मात्र नव्हे. आपल्याकडे आयुर्वेदात तिळाच्या तेलात मेण वितळवून केलेलं सिक्थ तैल आहे, आणि तूप पाण्यानं शंभर वेळा धुऊन केलेलं शतधौत घृत आहे. शंभर वेळा म्हणजे शंभर वेळा. मोजणाऱ्याचं लक्ष सत्तरीत कुठेतरी उडालं तर काय करायचं याविषयी मतभेद असू शकतात. कोकणात आणि गोव्यात कोकमाच्या बिया वाळवून, फोडून, कांडून पाण्यात उकळतात आणि वर येणारा स्निग्ध थर काढून मुठीत वळतात, म्हणून त्याला मुठेल म्हणायचं, गोव्याकडे भिरंडेल. हे तेल साध्या हवेत घट्ट गोळाच असतं आणि वितळायला ४० अंशांच्या आसपास ऊब मागतं. त्यामुळे ओठांवर लावलं की पाघळून हनुवटीवर येत नाही, जागेवर बसतं. गोळा किंचित ऊन करून घासायचा, बस. अडचण एकच. घरातला तोच गोळा टाचांच्या भेगांनाही लागतो, आणि आधी टाच की आधी ओठ या प्रश्नावर एकत्र कुटुंबपद्धतीनं काय तोडगा काढला होता याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या लिंचबर्गच्या डॉ. चार्ल्स फ्लीटनं १८८०च्या दशकात वात नसलेल्या मेणबत्तीसारखी एक कांडी केली. ती चालेना म्हणून कृती १९१२मध्ये जॉन मॉर्टनला ५ डॉलरला विकली. मॉर्टनबाईंनी स्वयंपाकघरात मिश्रण वितळवून कांड्या ओतल्या आणि चॅपस्टिक जगभर गेली. स्वयंपाकघरात शोध लागला की नफा घराबाहेर जात नाही, हे त्यातलं तात्पर्य फ्लीटसाहेबांना उशिरा कळलं असावं. कोलकात्यात गौरमोहन दत्तांनी १९२९मध्ये काढलेलं बोरोलीन, त्यातलं लॅनोलिन, आपल्या घरातलं साजूक तूप, लोणी, दुधावरची साय, सगळ्यांचं काम एकच. साय तेवढी जिभेला फारच आवडते, म्हणून मी तिला साक्षीदारांच्या यादीतून वगळलं आहे.

यापुढचा आक्षेप आजीचा आहे आणि तो आदरानंच घ्यायला हवा. रात्री झोपताना बेंबीत तेल घाल, ओठ फुटणार नाहीत. हा उपाय कोट्यवधी लोकांनी केला आहे आणि गुण येतो असं शपथेवर सांगणारे पुष्कळ आहेत. शरीरशास्त्राची अडचण अशी की बेंबीहून ओठांकडे थेट गाडी नाही. जन्माआधी नाळेतून जी वाहतूक चालते, ती जन्मानंतर कायमची बंद होते आणि आतल्या रक्तवाहिन्यांचे नुसते दोर उरतात. तिथे तेल घालून ते ओठांपर्यंत पोचण्याची वाट पाहणं म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला. तरी गुण का येतो? माझा अंदाज असा. तेल बोटानं घालतात. बेंबीची क्षमता बोटाच्या मानानं फारच थोडी असते. उरलेलं तेल पुसायला रात्रीच्या अंधारात दुसरं काय सापडणार? ओठ किंवा पांघरूण; आणि पांघरुणाला पुसलं तर आजी ओरडते. शिवाय झोपेत जीभ दिवसासारखी फेऱ्या मारत नाही, त्यामुळे आठ तास विश्रांती मिळालेले ओठ सकाळी बरे दिसतात आणि श्रेय बेंबीला जातं. उपाय बरोबर आहे, फक्त पत्ता चुकला आहे. तेच तेल हातभर वर लावलं तर आजीचाही मान राहतो आणि ओठांचाही.

पाणी भरपूर प्या, हा सल्ला बेंबीपेक्षा सुशिक्षित आहे, म्हणून तो मोडून काढणं अधिक अवघड. हिवाळ्यात तहान कमी लागते आणि माणसं खरोखर कमी पाणी पितात, हे मान्य. तापानं, जुलाबानं शरीरातलं पाणी कमी झालं तर ओठ सुकतात, हेही मान्य. पण धडधाकट माणसानं तीन लिटर पाणी पिऊन ओठांची चीर सांधण्याची वाट पाहू नये. नळ गळत असेल तर वॉशर बदलावा लागतो. टाकी काठोकाठ भरून गळती थांबत नाही. पाणी प्यावं ते पाण्यासाठी प्यावं. बामची सवय लागते, मग त्याच्याशिवाय ओठ राहत नाहीत, असाही एक धाक घातला जातो. साध्या मेणा-तेलात व्यसन लावण्याजोगं काहीच नसतं. सवय लागते ती झोंबणाऱ्या आणि गोड लागणाऱ्या बामांची, आणि त्याचं कारण वर येऊन गेलंच आहे. डबी दिवसातून चारदा उघडावी: सकाळी दात घासल्यावर, बाहेर पडताना, जेवणानंतर आणि झोपताना. दुचाकीवर निघालेल्या पुण्याच्या मुलींच्या स्कार्फची पंचवीस वर्षं टिंगल झाली, पण त्या कापडाआड श्वासाची दमट हवा अडकून राहते आणि वारा ओठांपर्यंत पोचत नाही, हे टिंगल करणाऱ्या उघड्या, फुटक्या ओठांनी लक्षात घ्यायला हरकत नाही. नाक चोंदलं असेल तर आधी त्याची व्यवस्था लावावी, कारण नाक बंद पडलं की तोंडानं श्वास सुरू होतो आणि ओठांवरून रात्रभर वारा वाहतो.

जिभेवर माझा राग असला तरी तिच्यावर खोटे गुन्हे लादायचे नाहीत. जिवणीचे दोन्ही कोपरे चिरत असतील तर तिथे बुरशीचा संसर्ग असू शकतो, किंवा लोह आणि ब जीवनसत्त्वं कमी पडलेली असू शकतात. त्याला मुठेल पुरणार नाही. मुरमांवरच्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या घेणाऱ्या बहुतेक सगळ्यांचे ओठ फुटतात, तो गोळीचा ठरलेला परिणाम आहे. कुणाला टूथपेस्टमधला पुदिना सोसत नाही, कुणाला लिपस्टिकमधलं काहीतरी, तर कुणाला खुद्द बाममधलं लॅनोलिन किंवा सुगंध. अशा वेळी जितकं लावावं तितकं बिघडतं. वर्षानुवर्षं उन्हात राबणाऱ्यांचा खालचा ओठ खरखरीत, पांढुरका पडतो, कारण ऊन त्याच्यावरच अधिक पडतं आणि त्याच्याजवळ उन्हापासून वाचवणारं रंगद्रव्य फारच थोडं असतं. त्यासाठी एसपीएफ ३० असलेला बाम निघालेला आहे. दोन-तीन आठवडे झाकून, न चाटता, न सोलता ठेवूनही जी चीर भरत नाही, ती डॉक्टरला दाखवावी.

बाकी सगळ्या प्रकरणात साक्षी फिरवण्याचं काम निसर्गच करतो. फेब्रुवारीच्या सुमारास थंडी ओसरते, चोंदलेली नाकं मोकळी होतात, ओठ आपले आपण भरून येतात. त्या आठवड्यात ज्या घरात जी डबी उघडी असेल तिला श्रेय मिळतं. एका घरात तूप विजयी होतं, दुसऱ्यात बेंबी, तिसऱ्यात साडेतीनशे रुपयांचा आयात केलेला बाम, आणि प्रत्येक घर पुढच्या वर्षभर आपापल्या विजेत्याची शिफारस करत हिंडतं. मग उन्हाळा येतो. डब्या औषधांच्या खणात मागे मागे सरकतात. पुढच्या दिवाळीच्या साफसफाईत तिथे अर्ध्या वापरलेल्या तीन डब्या सापडतात. एकीवर केस चिकटलेला असतो, दुसरीचं झाकण हरवलेलं असतं, तिसरीवर तारीख वाचता येत नाही. तिन्ही टाकून दिल्या जातात. आठवड्याभरात निफाडची बातमी येते आणि घरातलं कुणीतरी ओठांवरून जीभ फिरवत म्हणतं, येताना एक व्हॅसलीन आण, घरात एकही नाही.